एक्स्चेंजला आलेल्या मुलाला काही झालं तर काय करायचं: नवीन कोऑर्डिनेटरसाठी

शाळेत परदेशी शाळांसोबतच्या विद्यार्थी एक्स्चेंजचं काम पहिल्यांदा अंगावर आलं की सगळं लक्ष कुठे जातं, तर औक्षण कोण करणार, सिंहगड कुठल्या दिवशी, पिठलं-भाकरी जमेल का त्यांना, निरोपाला काय द्यायचं. हे सगळं करा, आनंदाने करा, पण त्याच्या आधी एक काम आहे ते करा. मी पुण्यात जर्मन शिकवते, गेली अकरा वर्षं जर्मनीहून येणाऱ्या बॅचेस बघते आणि आपल्या मुलांना तिकडे पाठवते, आणि या वर्षी दोन नवीन शिक्षिकांनी मला विचारलं की मॅडम, काही झालंच तर नक्की करायचं काय, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगते कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आपल्याकडे होस्ट फॅमिली, म्हणजे ज्यांच्या घरी ते मूल राहतं ते कुटुंब, फार प्रेमाने म्हणते, "काळजी करू नका, आमच्याच मुलासारखं ठेवू." भावना शंभर टक्के खरी असते. पण स्वतःच्या मुलाच्या बाबतीत आपण अंदाजाने चालतो, ताप आहे ना, बघू उद्या सकाळी, पडलाय ना, हळद लाव. परक्याच्या लेकराच्या बाबतीत हा अंदाज घ्यायचा अधिकार आपल्याकडे नाही. त्याचे आईवडील सहा हजार किलोमीटरवर आहेत आणि त्यांना जे कळायला हवं ते आपणच कळवणार आहोत. म्हणून आपल्या मुलासारखं प्रेम द्या, पण काळजी आपल्या मुलापेक्षा जास्त काटेकोर घ्या. होस्ट पालकांच्या पहिल्या मीटिंगमध्ये हे मी शब्दशः असंच सांगते.

पायरी १: मुलं विमानात बसायच्या आधी

एक फाइल करा, कागदाची. मोबाइलमध्येही ठेवा पण कागदाची हवीच, रात्री दोन वाजता हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत फोनची बॅटरी तीन टक्के असते तेव्हा कागद कामाला येतो. प्रत्येक मुलासाठी एक पारदर्शक फोल्डर आणि त्यात पासपोर्टची आणि व्हिसाची झेरॉक्स, इन्शुरन्स पॉलिसीची प्रत आणि त्यांचा चोवीस तास चालणारा नंबर, आईवडिलांचे दोघांचे नंबर, रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधं, घेतलेल्या लसी, आणि आईवडिलांच्या सहीचं इंग्रजीतलं पत्र की तातडीच्या उपचारांना संमती कोणी द्यायची. हे शेवटचं पत्र बरेच जण विसरतात. सतरा वर्षांच्या मुलाला भूल द्यायची वेळ आली की डॉक्टर विचारतात सही कोण करणार, आणि तुम्ही त्याचे कोणीच नसता.

लसींच्या रकान्यात रेबीजची लस आधी घेतलीय का हे वेगळं विचारा, का ते खाली येईलच.

मग सरकारी भाग. परदेशी माणूस तुमच्या घरी राहायला आला, मग ते घर असो की होस्टेल, त्याची माहिती २४ तासांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला ऑनलाइन द्यावी लागते, ज्याला सगळे अजून सी-फॉर्मच म्हणतात. होस्ट फॅमिलीला वाटतं हे हॉटेलांसाठी आहे, तसं नाहीये, घरालाही लागू आहे. शाळेलाही आपल्याकडच्या परदेशी विद्यार्थ्याची माहिती वेगळी द्यावी लागते. आणि व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्तीचा असेल, म्हणजे वर्षभरासाठी आलेलं मूल असेल, तर आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी. सप्टेंबर २०२५ पासून नवीन इमिग्रेशन आणि फॉरेनर्स कायदा लागू झालाय, जुने चार कायदे गेले, त्यामुळे दोन वर्षांपूर्वीच्या कोऑर्डिनेटरची चेकलिस्ट जशीच्या तशी वापरू नका, पोर्टलवर जाऊन बघा. याचा सेफ्टीशी काय संबंध, तर पुढे पासपोर्ट हरवला किंवा पोलिस स्टेशनला जायची वेळ आली की पहिला प्रश्न हाच येतो की नोंद केली होती का.

होस्ट फॅमिली निवडताना घरी जा. स्वतः जा, चहा प्या, मूल झोपणार ती खोली बघा, दाराला आतून कडी आहे का, बाथरूमची कडी नीट लागते का. घरात कोण कोण राहतं, कोण येऊन-जाऊन असतं, भाऊ, भाचा, पेइंग गेस्ट, सगळं विचारा आणि पोलिस व्हेरिफिकेशन मागा. लोकांना वाईट वाटतं, ओळखीतली माणसं असतात, तरीही मागा. मी एकच सांगते, की तुमची मुलगी तिकडे जाईल तेव्हा तिथल्या घराचंही असंच बघावं असं वाटेल ना? मग कोणी रागवत नाही.

आणि शेवटचं, तीन माणसं ठरवा. एक मुलासोबत राहणार, एक फोन करणार, एक लिहिणार. एकच माणूस तिन्ही कामं करायला गेला की तिन्ही अर्धवट होतात. नावं आधीच ठरवा, सुट्टीत गावाला कोण जाणार आहे तेही बघा.

पायरी २: पहिल्या दिवशी मुलांना काय सांगायचं

आल्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे कार्यक्रमाच्या पहिल्या दिवशी, झोप झाल्यावर, तासभर बसवा. प्रत्येकाला एक छोटं कार्ड द्या, पाकिटात मावेल असं, त्यावर होस्टचा पत्ता मराठीत आणि इंग्रजीत, तुमचा नंबर, आणि ११२, १०८, १०९८. युरोपात पण ११२ च आहे त्यामुळे तो त्यांच्या लक्षात राहतो, १०८ म्हणजे आपली अँब्युलन्स आणि १०९८ लहान मुलांसाठीची हेल्पलाइन हे समजावून सांगा. पत्ता मराठीत कशाला, तर रिक्षावाल्या काकांना दाखवायला.

मग कायद्याचं बोला, स्पष्ट बोला. जर्मनीत सोळा वर्षांचं पोरगं कायद्याने बिअर पिऊ शकतं, महाराष्ट्रात बिअरला २१ आणि कडक दारूला २५ वर्षांची अट आहे. त्यांच्याकडे २०२४ पासून मोठ्यांसाठी गांजा थोड्या प्रमाणात चालतो, आपल्याकडे तो गुन्हा आहे आणि जामिनाची गोष्ट सोपी नाही. व्हेप, ती पेनसारखी ई-सिगारेट, तिच्यावर भारतात २०१९ पासून बंदी आहे, आणि पोरांच्या सॅकमध्ये ती असतेच, त्यामुळे हे इमेलने ती निघायच्या आधीच कळवा. सोबत येणाऱ्या शिक्षकांना ट्रेकिंगची आवड असेल तर सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारी यंत्रंही आणू नका म्हणावं, परवानगीशिवाय ती इथे चालत नाहीत, गोव्याच्या विमानतळावर परदेशी पाहुणे यात अडकलेले आहेत.

रोटरीच्या यूथ एक्स्चेंजमध्ये चार गोष्टींना बंदी असते, गाडी चालवणं, दारू, ड्रग्ज आणि डेटिंग. तुमचा प्रोग्रॅम रोटरीचा नसला तरी गाडीचा नियम उचला. पुण्यात प्रत्येक घरात दोन टूव्हीलर, होस्टचा मुलगा म्हणतो चल एफसी रोडला एक चक्कर, आणि पाहुणी मागे बसते, हेल्मेट नाही. बऱ्याच पॉलिसींमध्ये टूव्हीलरचा अपघात कव्हर होत नाही किंवा त्याला अटी असतात, त्यामुळे पॉलिसी वाचा आणि मगच ठरवा. आमच्याकडे सरळ नाही म्हणजे नाही. रिक्षा, कार, बस, मेट्रो.

आणि मुलांना एक वाक्य पाठ करून घ्या, की काही झालं तर तुला कोणी रागावणार नाही, तू नियम मोडला असलास तरी आधी फोन कर. हे वाक्य तुम्हीही पाळायचं.

पायरी ३: घडलं. पहिला तास

फोन आला की आधी तीनच प्रश्न. मूल आत्ता कुठे आहे, सोबत कोण आहे, शुद्धीवर आहे का आणि रक्त जातंय का. कसं झालं, कोणाची चूक, हे नंतर. आपल्याकडे पहिलं वाक्य "असं कसं झालं?" येतं आणि समोरची होस्ट काकू रडायला लागते, पाच मिनिटं तिथेच जातात.

गंभीर असेल तर १०८ किंवा जवळचं हॉस्पिटल जे आधी मिळेल ते. फाइल उचला, निघा. हॉस्पिटलमध्ये डिपॉझिट मागतील, परदेशी पॉलिसी इथे बहुतेक वेळा कॅशलेस चालत नाही, आधी भरून नंतर परत मिळतात, त्यामुळे शाळेने कोणाच्या तरी कार्डावर ही सोय आधी करून ठेवलेली हवी. इन्शुरन्सच्या नंबरवर ॲडमिट होतानाच फोन करा, काही कंपन्या उशिरा कळवलं की हुज्जत घालतात. प्रत्येक बिल, प्रत्येक प्रिस्क्रिप्शन, डिस्चार्ज कार्ड, सगळं ओरिजिनल सांभाळा. अपघात, मारहाण, विषबाधा असेल तर डॉक्टर एमएलसी करणार म्हणजे पोलिसांना कळवणार, त्याला घाबरून "नको हो, परदेशी मुलगी आहे, उगाच लफडं" असं म्हणू नका, ते त्यांचं काम आहे आणि तो कागद पुढे मुलीच्याच उपयोगाचा आहे.

लिहिणाऱ्या माणसाने वही उघडायची. वेळ, काय झालं, कोण बोललं. मत नको, फक्त हकीकत. म्हणजे असं (पार्टनर शाळा म्हणजे मुलं जिथून आली ती तिकडची शाळा):

"रात्री ९.४०, होस्ट आईचा फोन, मुलगा जिन्यावरून पडला, डाव्या मनगटाला सूज, शुद्धीवर, बोलतोय. ९.५५, घरून निघालो. १०.२०, कॅज्युअल्टीत पोचलो, एक्स-रे सांगितला. १०.३५, पार्टनर शाळेच्या शिक्षिकेला फोन, बोलणं झालं."

अशा चार ओळी असल्या की दोन महिन्यांनी इन्शुरन्सवाल्याने विचारलं तरी उत्तर तयार असतं.

पायरी ४: कोणाला आणि काय सांगायचं

क्रम असा ठेवा: सोबत आलेले शिक्षक किंवा पार्टनर शाळा, मग लगेच आईवडील (आधी कोण बोलणार हे पार्टनर शाळेशी आधीच ठरवून ठेवा), मुख्याध्यापक, इन्शुरन्स. गंभीर असेल तर त्या देशाचं कॉन्सुलेट म्हणजे वाणिज्य दूतावास, बहुतेकांची मुंबईत आहेत. तुम्ही एखाद्या संस्थेमार्फत करत असाल तर त्यांचेही नियम असतात, रोटरीत गंभीर घटना ७२ तासांच्या आत वर कळवायची असते.

वेळेचा फरक लक्षात ठेवा, जर्मनी उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे आणि हिवाळ्यात साडेचार. पण खरी शर्यत घड्याळाशी नसतेच, व्हॉट्सॲपशी असते. बॅचमधल्या दुसऱ्या मुलाने आपल्या आईला सलाइन लावलेल्या हाताचा फोटो पाठवला की दहा मिनिटांत तिकडच्या सगळ्या पालकांना कळलेलं असतं, आणि त्या मुलाची आई हे सगळं तिसऱ्याच कोणाकडून ऐकते. म्हणून इतर मुलांना एका खोलीत बसवून सांगा की काय झालंय, आणि तासभर थांबा, आधी त्याच्या आईशी बोलू दे. दमदाटी करून फोन काढून घेऊ नका, समजावलं की ऐकतात.

आईशी बोलताना आधी मूल कसं आहे ते सांगा. "आत्ता तो शुद्धीवर आहे, माझ्यासमोर आहे, डाव्या मनगटाचं हाड मोडलंय असं डॉक्टर म्हणतायत, प्लास्टर घालणार आहेत, मी इथेच आहे, अर्ध्या तासाने परत फोन करते." आणि अर्ध्या तासाने करायचाच, नवीन काही नसलं तरी. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. शक्य झालं की लगेच फोन मुलाच्या हातात द्या, आईला तो आवाज ऐकायचा असतो बाकी काही नाही.

आता घटना घटनांचं

कुत्रा. जर्मनी, जपान, ऑस्ट्रेलिया अशा देशांतली मुलं रस्त्यावरचा कुत्रा दिसला की वाकतात आणि डोक्यावरून हात फिरवतात, त्यांच्याकडे भटकी कुत्री नसतात आणि कुत्र्यांमधला रेबीजही राहिलेला नाही, त्यामुळे भीती माहीतच नाही. एका बॅचमधल्या मुलीला सोसायटीच्या पार्किंगमध्ये पिल्लाने पोटरीला ओरखडलं आणि थोडा दातही लागला. गुरुवार होता. होस्ट काकूंनी डेटॉलने पुसून हळद लावली, पिल्लूच आहे म्हणाल्या, आणि ट्रिप रद्द होईल म्हणून मुलगी मला बोलली नाही. शनिवारी सकाळी लोहगड चढताना तिने मोजा खाली केला तेव्हा मला पिवळा डाग दिसला, मला वाटलं कसला रंग लागलाय. हळद होती, आणि तिच्याखाली दोन बारीक काळे ठिपके. आम्ही अर्ध्या वाटेतून खाली उतरलो.

तर नीट ऐका. चावा किंवा ओरखडा असेल तर, रक्त आलं नसलं तरी, वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून. हळद, चुना, मिरची, तेल काही नाही. त्याच दिवशी लस. दंडावर इंजेक्शन असेल तर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी, कातडीत देतात त्या पद्धतीत ०, ३, ७ आणि २८. रक्त आलं असेल तर लसीसोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन, तेही लागतं, सगळीकडे मिळत नाही म्हणून आधी फोन करून विचारा. मुलाने येण्याआधी लसीचा कोर्स पूर्ण केला असेल तर फक्त दोन डोस, ० आणि ३, आणि इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही, म्हणून तो रकाना. पिल्लू असो, सोसायटीचं पाळीव असो, रेबीजची लक्षणं एकदा दिसली की वाचवता येत नाही, त्यामुळे इथे "बघू" हा शब्दच नाही. उशीर झाला असला तरी लस घ्यायची, दोन दिवस गेले म्हणून सोडायची नाही.

शेंगदाणा. ॲलर्जी असलेलं मूल मराठी घरात देताना दहा वेळा विचार करा, कारण आपल्याला कळतही नाही इतक्या ठिकाणी कूट असतं. साबुदाण्याच्या खिचडीत ते दिसतं, पण काकडीची कोशिंबीर, भरली वांगी, आमटीला आलेला दाटपणा, चटणी, लाडू, शिवाय तेल. होस्ट काकूला नुसतं "नट्स चालत नाहीत" सांगितलं तर तिला काजू-बदाम आठवतात, शेंगदाणा नाही. म्हणून मराठीत सांगा, "दाण्याचं कूट आणि शेंगदाणा तेल अजिबात नको, तोच चमचा, तीच पळी नको." आणि ॲड्रेनालिनचं पेन, म्हणजे ॲलर्जीचा झटका आला की लगेच टोचायचं इंजेक्शन, मुलाने येतानाच दोन आणायला सांगा, इथे मेडिकलमध्ये जाऊन सहज मिळेल असं धरू नका. अंगावर गांध्या, ओठ सुजणं, घशात घरघर, चक्कर, यातलं श्वासाचं किंवा चक्करचं लक्षण दिसलं की पेन मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मग १०८, आडवं झोपवा, दम लागत असेल तर बसवून ठेवा, आणि पाच-दहा मिनिटांत फरक नाही तर दुसरं पेन. बरं वाटलं तरी हॉस्पिटलला न्यायचंच.

ताप. पावसाळ्यात आणि त्यानंतर ताप आला की डेंग्यू डोक्यात ठेवा. ही मुलं घरून आयबुप्रोफेन घेऊन येतात आणि न विचारता खातात, डेंग्यूत ते आणि ॲस्पिरिन धोक्याचं, पॅरासिटामॉल चालतं. पहिल्याच दिवशीच्या बोलण्यात हे सांगा. आणि परत गेल्यावर काही आठवड्यांत ताप आला तर तिथल्या डॉक्टरला "मी भारतात होतो" हे सांगायचं, नाहीतर मलेरिया-डेंग्यू त्यांच्या लवकर लक्षात येत नाही.

पाणी. मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेली कॉलेजची मुलं बुडाली. २०२४ च्या जूनमध्ये लोणावळ्यात भुशी डॅमजवळ एका कुटुंबातली पाच माणसं धबधब्याच्या लोंढ्यात गेली, त्यात लहान मुलं होती. परदेशी मुलं पोहायला शिकलेली असतात आणि तोच घात होतो, स्विमिंग पूलमध्ये पोहता येणं आणि कोकणातल्या ओहोटीच्या ओढीत टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी. वर डोंगरात पाऊस झाला की खाली ओढ्याचं पाणी काही मिनिटांत चढतं, तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी. आमचा नियम, समुद्रावर गुडघ्यापर्यंत आणि मोठं माणूस समुद्राकडे तोंड करून उभं, धबधबा लांबून. कोणाला कडक वाटलं तरी चालेल.

गर्दी. होळी, दहीहंडी, विसर्जन दाखवायला न्यावंसं वाटतंच, आपलं वैभव आहे ते. घराच्या किंवा ओळखीच्या दुकानाच्या गॅलरीतून दाखवा, लक्ष्मी रोडच्या मधोमध नको. धुळवड सोसायटीच्या आवारात, ओळखीच्या माणसांत. अनोळखी लोक सेल्फीसाठी गराडा घालतात, मुलींना नाही म्हणायला संकोच वाटतो, त्यांना "नको" आणि "लांब व्हा" हे दोन मराठी शब्द खणखणीत आवाजात शिकवा, प्रॅक्टिस करून घ्या.

मूल हरवलं तर. २४ तास थांबावं लागतं ही समजूत डोक्यातून काढून टाका. अल्पवयीन मूल बेपत्ता असेल तर लगेच गुन्हा नोंदवायचा असं सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये सांगितलंय. शेवटचा फोटो, अंगावरचे कपडे, फोनचा नंबर घेऊन जा. हद्द आमची नाही असं कोणी म्हणालं तर झिरो एफआयआर करता येते, कुठल्याही पोलिस स्टेशनला.

पासपोर्ट हरवला तर क्रम असा की पोलिसांत तक्रार, त्याची प्रत घेऊन कॉन्सुलेटकडून तातडीचं प्रवासाचं कागदपत्र, आणि मग परदेशी नागरिक नोंदणीच्या पोर्टलवर एक्झिटची परवानगी. ही तिसरी पायरी लोक विसरतात आणि विमानतळावर अडकतात. परतीच्या आदल्या दिवशी कळलं तर तिकीट पुढे ढकलावंच लागेल, धावाधाव करू नका.

आणि पोलिसांनी एखाद्या परदेशी विद्यार्थ्याला ताब्यात घेतलं तर आपल्या कॉन्सुलेटला कळवा असं म्हणायचा त्याला हक्क आहे, १९६३ च्या व्हिएन्ना कराराप्रमाणे. तो मागा, शांतपणे.

सगळ्यात अवघड: कोणी हात लावला तर

हे वेगळं लिहितेय कारण इथे चांगली माणसंही चुकतात. मुलगी किंवा मुलगा, मुलगेही, तुम्हाला येऊन सांगतो की होस्टच्या घरातल्या, शाळेतल्या कोणीतरी किंवा ड्रायव्हरने नको तसं केलं. त्या क्षणी तुमच्या मनात शाळेचं नाव, त्या कुटुंबाशी वीस वर्षांची ओळख, पार्टनर शाळा काय म्हणेल, हे सगळं येणार. येऊ दे, पण तोंडातून एवढंच निघू दे, "बरं झालं सांगितलंस, यात तुझी काही चूक नाही, आता मी तुझ्यासोबत आहे." आणि "कोणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, कारण तुम्हाला सांगावं लागणारच आहे.

पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, २०१२ चा आहे आणि तो १८ च्या खालच्या प्रत्येक मुलाला लागू आहे, पासपोर्ट कुठलाही असो. ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवायचंच, कळवलं नाही तर सहा महिन्यांपर्यंत शिक्षा, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाबद्दल दडवलं तर एक वर्षापर्यंत. बदलापूरला ऑगस्ट २०२४ मध्ये लहान मुलींवरच्या अत्याचाराचं शाळेने वेळेत कळवलं नाही म्हणून शाळेच्या लोकांवरही गुन्हा दाखल झाला. चांगल्या हेतूने कळवलं आणि पुढे काही निघालं नाही, तर कळवणाऱ्यावर काही येत नाही.

तुम्ही चौकशी करायची नाही. हे परत एकदा, तुम्ही चौकशी करायची नाही. मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये मुलीला बसवून चार जणांनी प्रश्न विचारणं, समोरच्याला बोलावून "असं केलंस का" विचारणं, दोघांना समोरासमोर आणणं, यातलं काहीही नाही. तिने जे शब्द वापरले ते तसेच लिहून ठेवा, तिच्या भाषेत, आणि थांबा. तिला त्या घरातून लगेच हलवा, सामान नंतर दुसरं कोणी आणेल. घटना ताजी असेल तर आंघोळ, कपडे धुणं थांबवा. जबाब तिच्या राहत्या ठिकाणी घेता येतो, शक्यतो महिला अधिकारी घेते, गणवेशात नाही, तिचा विश्वास असलेली व्यक्ती सोबत बसू शकते, आणि तिला भाषा कळत नसेल तर दुभाषा द्यायची तरतूद त्याच कायद्यात आहे. मी जर्मन शिकवते म्हणून मीच दुभाषी होईन असं मला आधी वाटायचं, पण तसं करू नका, तुम्ही आयोजक आहात, तुमचं तिथे बाजूला राहणं बरं, बाहेरचा दुभाषा मागा. नाव कुठेही जाऊ देऊ नका, स्टाफरूममध्येसुद्धा नाही.

त्या मुलीला घरी परत जायचं की राहायचं हे तिचे आईवडील आणि ती ठरवतील. तुम्ही फक्त दोन्हीची तयारी ठेवा.

मनाचं

पडलं-झडलं दिसतं, हे दिसत नाही. जेवण कमी, खोलीतून बाहेर येत नाही, सगळ्याला "फाइन". वर्षभराच्या एक्स्चेंजला तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आणि मग दिवाळीनंतर घर रिकामं झाल्यावर हे जास्त दिसतं. आठवड्यातून एकदा होस्टच्या घराबाहेर भेटा, कॉफी प्यायला न्या, आणि "कसं चाललंय" ऐवजी "या आठवड्यात सगळ्यात कंटाळवाणं काय होतं" असं विचारा, बोलतात. होस्ट बदलून मागितलं तर कोणाचा अपमान झाला असं होऊ देऊ नका, बदला. जीव द्यायच्या गोष्टी बोलत असेल तर एकटं सोडायचं नाही, डॉक्टरकडे त्याच दिवशी, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ चोवीस तास असतो, पण तिची भाषा बोलणारा समुपदेशक तिकडूनच व्हिडिओवर मिळेल, पार्टनर शाळेला विचारा.

आपली मुलं जातात तेव्हा

सगळं हेच, उलट दिशेने. आपल्या पोरांना नंबर पाठ हवेत, युरोपात ११२, अमेरिकेत ९११, ऑस्ट्रेलियात ०००, जपानमध्ये पोलिस ११० आणि अँब्युलन्स ११९. परदेशातल्या भारतीयांच्या अडचणींसाठी भारत सरकारचं मदद पोर्टल आहे, जाण्याआधी त्यावर आणि तिथल्या दूतावासाकडे नोंद करून जा. अमेरिकेत शाळेच्या एक्स्चेंजला गेलेल्या मुलाशी तिथल्या लोकल कोऑर्डिनेटरने महिन्यातून एकदा तरी बोलायचं असा त्यांचाच नियम आहे, मुलाला विचारा की बोलतायत का. आपल्या मुलांचा एक वेगळाच प्रॉब्लेम असतो, ती सांगत नाहीत, "आईला टेन्शन येईल", "बाबांनी एवढे पैसे भरलेत". निघायच्या आधी आईबाबांनी तोंडाने म्हणायला हवं, की पैशांचं सोड, नको वाटलं तर उद्या परत ये. माझ्यासमोर म्हणायला लावते मी, एअरपोर्टवर नाही, आठवडाभर आधी शाळेत.

फाइल कधी बंद करायची

मुलं गेली, निरोपाला रडारड झाली, की आपल्याला वाटतं झालं. अजून नाही. घटना झालेल्या प्रत्येक मुलाच्या घरी पंधरा दिवसांनी आणि मग महिन्याने फोन. इन्शुरन्सची ओरिजिनल बिलं कुरिअरने, स्कॅन स्वतःकडे. होस्ट फॅमिलीशी बसून बोलणं, त्यांनाही धक्का बसलेला असतो, त्या हळद लावलेल्या काकू महिनाभर स्वतःला दोष देत होत्या, मी दोनदा घरी जाऊन आले. आणि पुढच्या वर्षीच्या चेकलिस्टमध्ये नेमका कुठला मुद्दा वाढला ते लगेच लिहून ठेवा, जूनपर्यंत विसरायला होतं. आमच्याकडे त्या वर्षी वाढलेली ओळ आहे, "पहिल्या दिवशी कुत्र्यांबद्दल, होस्ट आणि मूल दोघांना एकत्र बसवून."

त्या मुलीला पहिले तीन डोस पुण्यात झाले, शनिवार, मंगळवार, शनिवार, आणि सोमवारी ती उडाली. उरलेले दोन तिकडे घ्यायचे होते, म्हणून मी लसीच्या कार्डावर कंपनीचं नाव, बॅच नंबर आणि तारखा इंग्रजीत डॉक्टरांकडून लिहून घेतल्या, नाहीतर तिथले डॉक्टर पहिल्यापासून सुरू करायचं का म्हणून अडले असते. चौदाव्या दिवसाचा मेसेज आला. अठ्ठाविसाव्या दिवशी संध्याकाळपर्यंत काही नाही, मी विचारलं, तर तिच्या आईने कार्डाचा फोटो पाठवला, पाचही रकान्यांत शिक्के. त्या फोटोचा प्रिंट काढून तिच्या फोल्डरमध्ये लावला आणि मग फाइल कपाटात ठेवली.